बिनतेलाची सकाळ

तुमच्या मुलात म्हणावा असा दोष दिसत नाही, हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून चारुलताबाईंनी आजवर देवापुढे किती नारळ फोडले असतील त्याला गणती नाही. ते वाक्य अखेर आलं. एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी मुलाला नीट तपासून ते सांगितलं. आणि चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये कोणी गेल्यासारखी शांतता पसरली.

मकरंद त्यांचा एकुलता एक. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि उजवं अंग आखडलं, ते कायमचं. बोटं मुठीत वळायची, पाऊल आत फिरायचं, टाच टेकायची नाही. असं असून पोरगा शंभर मीटर पळायचा, आणि वाऱ्यासारखा पळायचा. अशाच आखडलेल्या अंगाच्या धावपटूंच्या शर्यती असतात. त्यात राष्ट्रीय पातळीवर त्याने नाव काढलं होतं आणि आता डोळे जागतिक स्पर्धेकडे लागले होते. त्याआधी चेन्नईतच एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली. तिथे परदेशी पॅनेल प्रत्येकाचं अंग तपासून ठरवणार होतं की कोण कुठल्या गटात पळणार. मकरंदला त्यांनी कुठल्याच गटात बसवलं नाही. आखडलेपण पुरेसं नाही म्हणाले.

नियम असा की दुसरं पॅनेल परवा सकाळी पुन्हा तपासणार. त्यांनीही नाही म्हटलं तर या शर्यती त्याला कायमच्या बंद. मकरंदचे वडील उमाकांतराव चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. "बरा ठरला, यात रडण्यासारखं काय?" एवढंच ते बोलले, आणि बायकोने असं बघितलं की पुन्हा पेपरात तोंड घालून बसले.

संध्याकाळी कोच वेंकट आले. तंजावरकडचं मराठी घराणं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. कॉलेजच्या शर्यतीत मकरंदची मूठ शेवटच्या टप्प्यात छातीकडे चढताना यांनीच पहिल्यांदा पाहिली होती आणि जन्मापासून का, असं तोंडावर विचारलं होतं. तोवर असं कोणी विचारलं नव्हतं. चारुलताबाई तेव्हा आठवडाभर धुमसत होत्या. पुढे पोरगा पळायला लागला, जिंकायला लागला, आणि राग कॉफीच्या टंब्लरांत विरून गेला.

वेंकटनी कॉफी घेतली, पण प्यायले नाहीत. बेंगळुरूला राष्ट्रीय पॅनेलने याला डोळे मिटून गट दिला, मग इथेच काय झालं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं.

"अम्मा, आज पहाटे ह्याला तुमी काय केलांत?"

चारुलताबाईंना बरं वाटलं. निदान कोणी तरी त्यांची मेहनत विचारतंय. त्यांनी सगळं सांगितलं. तान्हा असताना डॉक्टर म्हणाले होते, चालेल की नाही सांगता येत नाही. त्या दिवसापासून एक सकाळ खंड नाही. तिळाचं तेल कोमट करायचं, एकेक बोट उलगडायचं, पोटरी चोळायची, टाच खाली ओढून धरायची. दार लावून. कामवालीलासुद्धा कधी कळलं नाही. आणि आज तर परीक्षा म्हणून त्या आणखी लवकर उठल्या होत्या. दिवाळीच्या अभ्यंगासारखं अंगभर तेल, कढत पाणी, आणि मग पुन्हा एकदा पाय. पोरगा घरातून निघाला तेव्हा कसा सरळ चालत होता, तुम्ही बघायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या.

वेंकटनी टंब्लर खाली ठेवला. बेंगळुरूला मकरंद एकटा गेला होता.

"तुमी त्याचं आखडणं धुवूनच पाठिवलांत, अम्मा."

हे त्यांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिल्या. तिळाच्या तेलाचा वास अजून होता. वेंकटनी हळू आवाजात समजावलं की यात लबाडी कसलीही नाही, अंग जसं आहे तसं त्यांच्यापुढे जाऊ द्यायचं, एवढंच. दुसऱ्या तपासणीपर्यंत तेल नाही, कढत पाणी नाही, हात लावायचा नाही.

"नुसतं तेलाचं नाही ते," मकरंद कोपऱ्यातून म्हणाला. तो बसला होता तसाच, उजवा हात मांडीखाली दाबून. "त्यांनी कप दिला, मी डाव्या हाताने घेतला. बस म्हणाले, मी हात असा लपवून बसलो. मुद्दाम नाही केलं. आई, मला लपवताच येतं. न लपवता कसं बसायचं ते मला कोणी शिकवलंच नाही."

हे खरं होतं, म्हणूनच चारुलताबाईंना झोंबलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मकरंदला त्या नेहमी उजवीकडे खांबाशी बसवत. फोटोत त्याच्या उजव्या खांद्यावर कोणाची तरी पिशवी असे. आणि कुठे चारचौघांत त्याची मूठ वळायला लागली की त्या लांबून विचारत, "मकरंद, पाणी हवं का?" की झालं. पोरगा बोटं सरळ करी, पाय सावरून घेई. मंडळातल्या कौमुदीताई तर कौतुकाने म्हणायच्या, किती काळजी घेते ही मुलाची, सारखं पाणी विचारते. याच कौमुदीताईंची भाची मकरंदसाठी बघायचं चाललं होतं.

"मग काय गावभर दाखवत फिरवायला हवं होतं तुला?" त्या म्हणाल्या. शाळेने घेतलं असतं का, ऑफिसात नोकरी मिळाली असती का, हे सगळं त्यांनी ऐकवलं. मकरंद उठून खोलीत गेला, आणि त्याचं दार त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आतून लावलं.

दुसरा दिवस त्यांना खायला उठला. पहाटे सवयीने जाग आली आणि करायला काही नव्हतं. तेलाची वाटी घासली, मग डबे काढले, सगळे मसाले पेपरवर ओतून डबे पुसले, परत भरले. मकरंद उठून बाथरूमला गेला तेव्हा फरशीवर पाऊल घासल्याचा आवाज आला. तो आवाज या घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यांनी मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काहीही नव्हतं. जेवताना त्याच्या हातून चमचा पडला आणि त्यांचा हात टेबलावरून अर्धा पुढे गेला, तिथेच थांबला, मग मीठ घेऊन परत आला. शेवटी उमाकांतरावांनी स्वतःचा गुडघा पुढे केला, हा घे, चोळ, म्हणाले. त्यांनी तो असा रगडला की बिचारे अयाई करत बाल्कनीत पळाले.

रात्री त्यांनी सरळ ठरवलं की उद्या आपण स्टेडियमवर जायचंच नाही. आपली सावलीसुद्धा नको. पण सकाळी मकरंद चपला शोधत दाराशी आला आणि म्हणाला, "आत एकाला बरोबर नेता येतं. तू चल." वेंकटसर गेले तर बरं, असं त्या पुटपुटल्या. तो म्हणाला, "तू तिथे नसलीस तरी माझ्या डोक्यात असतेस. त्यापेक्षा समोर बस."

तपासणीची खोली लहान होती, एसी फार थंड. पॅनेलमध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि एक धिप्पाड गृहस्थ. चारुलताबाईंना भिंतीशी खुर्ची दिली. मकरंदला चालायला लावलं, टाचांवर उभं राहायला लावलं, मग पलंगावर बसवून अंगठ्याला एकेक बोट टेकवायला सांगितलं. डावा हात भराभर चालला. उजवा अडखळला. बोटं वळायला लागली, मनगट आत झुकलं, आणि खोलीतली दोन्ही परकी माणसं टक लावून नेमकं तिथेच बघत होती.

"मकरंद, पाणी हवं का?"

शब्द कधी निघाले ते त्यांनाही कळलं नाही. मकरंदची बोटं त्या क्षणी सरळ झाली, हात मांडीवर सपाट पडला. धिप्पाड गृहस्थांनी काय झालं म्हणून वर पाहिलं. मकरंदने तहान नाही असं इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि मान खाली घातली. चारुलताबाईंना आता कळलं. तेलाने निम्मं केलं होतं, उरलेलं निम्मं हे होतं. पोराचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांवर चालवलं होतं आपण, आणि आता त्याचंच पुढचं आयुष्य आपल्याच तोंडाने घालवतोय.

त्या उभ्या राहिल्या. बाहेर निघून जावं असं वाटलं, पण गेल्या नाहीत.

"नको, पाणी नको," त्या म्हणाल्या. "मी चुकून विचारलं रे. हात असू दे तसाच. मला चालतो तसा."

मकरंद त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खांदे सैल सोडले, आणि उजवा हात आपला आपण कोपरात वळून छातीकडे चढला, मूठ मिटली, पाऊल आत फिरलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्याचं पाऊल झटकन वर दाबलं. ते शिलाई मशीनच्या सुईसारखं थडथडायला लागलं, थांबेना. चारुलताबाईंनी हे थडथडणं आवडी गावच्या दवाखान्यात पाहिलं होतं, तान्ह्या पायाचं. नंतर कधी होऊच दिलं नव्हतं. धावत जाऊन तो पाय दोन्ही हातांत धरावा असं त्यांना इतकं वाटलं की त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि हात मांड्यांखाली घातले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की मकरंदही असाच बसायचा.

गट मिळाला. एवढंच बाकी होतं की शर्यतीत तो कसा पळतो ते पॅनेल बघणार आणि मग शिक्कामोर्तब. त्यामुळे संध्याकाळच्या शर्यतीपर्यंतही हात लावायचा नाही, असं वेंकटनी बजावलं. संध्याकाळपर्यंतचा वेळ चारुलताबाईंनी स्टेडियमच्या गॅलरीत उठबस करत काढला. मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली तेलाची बाटली.

शर्यत बघता बघता संपली. मकरंद सुरुवातीला मागे होता, मध्यावर पुढे आला आणि शेवटी शेवटी त्याची मूठ हनुवटीपर्यंत चढली, तोंड वाकडं झालं, पाऊल आत वळून वळून पडत राहिलं. अख्खं स्टेडियम बघत होतं. त्यांच्या ओठांवर पाणी हा शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. दुसरा आला पोरगा. पॅनेलनेही मान डोलावली. आता त्याला जागतिक स्पर्धेला पळता येणार होतं.

गॅलरीच्या पायऱ्यांपर्यंत तो वेंकटच्या खांद्यावर रेलत आला. पोटरीत दगडासारखा गोळा आला होता. "आई, फार दुखतंय," तो म्हणाला. वेंकट म्हणाले, आता लावा हात.

चारुलताबाईंनी सवयीने इकडे तिकडे दार शोधलं. दार कुठलं असणार? खेळाडू, त्यांची माणसं, चहावाले, कॅमेरेवाले, सगळे तिथूनच जात होते. त्या पायरीवर बसल्या, पाऊल मांडीवर घेतलं, तेल ओतलं. पाऊल थडथडत होतं. माणसं वळून बघत होती. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कौमुदीताईंचा. हात तेलाचे, म्हणून वेंकटनी फोन त्यांच्या कानाशी धरला. कुठे आहेस, काय चाललंय, भाचीच्या घरचे रविवारी येऊ म्हणतायत, असं पलीकडून एका दमात सुरू झालं.

"मकरंदचा पाय चोळतेय," चारुलताबाई म्हणाल्या. "जन्मापासून आखडतो तो. हातसुद्धा. तुला कधी सांगितलं नव्हतं. भाचीला सांग, मग ठरवा रविवारचं."

वेंकटनी फोन त्यांच्या कानाजवळून काढला. चारुलताबाईंना रडू आलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला एक हात मोकळा नव्हता. मकरंद पायरीवर मागे रेलून बघत होता. उजवा हात छातीवर वळलेला, तसाच.

"आई," तो हसत म्हणाला, "पाणी हवं का?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि तशाच रडत टाच खाली ओढू लागल्या.