पाटलांचा राजा सुमतिसेन

वडनेरचे उकंडराव पाटील राजा झाले ते नीळकंठ मास्तरांमुळे. मास्तर गावच्या शाळेत शिकवत. त्यांनी पाच अंकी नाटक लिहिलं होतं आणि त्यातला राजा सुमतिसेन पाचही अंकांत बोलत होता. पाटलांनी ते वाचून घेतलं, राजाची भाषणं किती आहेत ते विचारलं आणि लगेच मांडवाचं सामान काढायला लावलं. तेव्हा वऱ्हाडात सरकार इंग्रजांचं असलं तरी वडनेरात राज्य पाटलांचंच होतं. मुकुट फक्त राहिला होता, तो मास्तरांनी पुठ्ठ्याचा करून दिला.

नाटक भर दुपारी ठेवलं. मास्तर म्हणाले, "रात्री ठेवू, पाटील. दिव्यांच्या उजेडात मुकुट चमकेल."

"अन् अंधारात लोक सटकतील त्याचं काय?" पाटील म्हणाले. "दिवसा कोण उठलं ते मले वरून दिसते."

त्यामुळे कोणी उठलं नाही. ज्वारी खळ्यावर पडली होती, तरी सगळं गाव मांडवात येऊन बसलं. पहिल्या अंकात राजानं प्रजेला सत्याचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्यात राणीला सांगितलं. राणीचं काम पटवाऱ्याकडे होतं आणि त्यानं मिशी काढायला साफ नकार दिल्यामुळे राणी पदरात तोंड लपवून ऐकत होती. तिसऱ्या अंकात राजा एकटाच उरला, तर त्यानं ते स्वतःलाच सांगितलं. मांडवात माना खाली गेल्या. पाटलांना वाटलं, प्रजा गहिवरली.

चौथ्या अंकात, राजा जरा दम घ्यायला थांबला असताना, निवृत्तीनं जांभई दिली. निवृत्ती हा पांदीच्या वाटेकडचा साधा शेतकरी, पण छाती दांडगी. जांभई अशी निघाली की बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. तिच्या आवाजानं मांडवभर दहा-वीस जण जागे झाले आणि त्यांनीही जांभया दिल्या. राजा पुढचं वाक्य विसरला आणि पाचवा अंक लवकर आटोपला. राजा मेला तेव्हा लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीला चावडीवर बोलावणं गेलं. सोबत साक्षीदार म्हणून अर्धं गाव.

"काऊन बे," पाटील म्हणाले, "राजा बोलून राह्यला अन् तू जांभई देतं?"

"आली जी. मी बोलावली नोयती."

"साक्षीदार! पुंजाजी, यानं जांभई देल्ली ते तू पाह्यलं ना?"

म्हातारा पुंजाजी उभा राहिला. "पाटील, तुमच्या म्होरं खोटं कायले बोलू? राजा दरबारात आला, बसला, अन् म्हणाला 'हे प्रजाजनहो'. तेवढं मले याद आहे. मंग सुनेनं हालवलं तवा मांडव सोडून राह्यले होते."

पाटलांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. जांभई कोणीच पाहिली नव्हती. पाहायला जागं असावं लागतं, आणि तोवर जागं कोणीच नव्हतं. पाटलांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांचे मेहुणे उत्तमराव पुढे आले. "मी जागा होतो, दाजी. शेवटापर्यंत."

"शाब्बास!"

निवृत्ती हात जोडून म्हणाला, "मंग उत्तमराव, तिसऱ्या अंकात काय झालं ते सांगा ना."

उत्तमरावांनी मास्तरांकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं. "लढाई झाली. लय मोठी."

"लढाई?" मास्तर ताडकन उठले. "माझ्या नाटकात लढाई नाही! सबंध नाटकात एकही लढाई नाही!"

"मंग झोप नाही लागणार तं काय?" उत्तमराव म्हणाले आणि जीभ चावून बसले.

चावडीत हसू फुटलं आणि लगेच दबलं. निवृत्ती म्हणाला, "पाटील, तिसऱ्या अंकात राजा विहिरीच्या काठी बसून म्हणते, सत्य हे पाण्यासारखं असते. चौथ्यात म्हणते, सत्य हे अग्नीसारखं असते. पाचव्यात वाऱ्यावर बोलते अन् मरते. मले सगळं याद आहे. मी जागा होतो म्हणूनच जांभई आली. झोपलेल्याले कायची जांभई येते?"

मास्तरांचे डोळे भरून आले. कोणीतरी त्यांचं नाटक ऐकलं होतं. त्यांनी निवृत्तीला तिथेच मिठी मारली. पाटील पेचात पडले. ज्या एकानं ऐकलं त्यालाच शिक्षा कशी करायची? अखेर त्यांनी निकाल दिला. "ठीक आहे. तुले नाटक समजलं. पुढच्या खेळात तू प्रधान."

निवृत्ती खालीच बसला. "पाटील, दंड करा. आठ दिवस चावडी झाडतो. पण हे नोका करू!"

निकाल बदलला नाही.

गावातल्या अडाण्यांना नाटक कळत नाही, असं पाटलांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या हिवाळ्यात तहसीलदार वामनराव पिकं पाहायला येणार होते. शिकलेला माणूस. खेळ त्यांच्यासाठी ठेवला, अर्थात दुपारीच, जेवणानंतर.

पाटलांच्या बायको रुखमाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पुरणपोळीवर तूप वाढाचं अन् मंग ते भाषण आयकवाचं? झोपन ना तो माणूस."

"मोठे लोक झोपत नाहीत."

साहेबांनी पोळ्या आवडीनं खाल्ल्या, पहिल्या रांगेत आरामखुर्चीवर बसले, आणि "हे प्रजाजनहो" झाल्यावर थोड्याच वेळात घोरू लागले. शिकलेल्या माणसाचं घोरणंही खालच्या पट्टीतलं, सारखं, न अडखळणारं. सुमतिसेनाचा आवाज मोठा होता. एकदा राजा 'सत्य' म्हणाला तसे साहेब झोपेत दचकले. साहेबांची झोप मोडली तर? तिथून पुढे त्यानं प्रजेला सत्याचं महत्त्व कुजबुजत सांगितलं.

"पाटील," प्रधान निवृत्ती कानाशी लागला, "मोठ्यानं बोला. मले आयकू येत नाही, लोकाले काय येईन?"

"गप बे. साहेब उठतीन."

पाटलांना आता ओरडता येत नाही हे सगळ्यात आधी रुखमाबाईंच्या ध्यानात आलं. त्या सरळ उभ्या राहिल्या, लुगडं झटकलं आणि घरी निघाल्या. मागोमाग बायका उठल्या. मग पुरुष, जोडे हातात घेऊन. उजेडात राजाला एकेक पाठ ओळखू येत होती. त्यानं डोळे वटारले, तलवार दाखवली, पण आवाज काढला नाही. उत्तमरावांनी जाता जाता त्याला नमस्कार केला. राणीसुद्धा चौथ्या अंकात गेली ती परत आली नाही.

पाचव्या अंकात राजा सुमतिसेन रिकाम्या मांडवात, चवड्यांवर चालत, आवाज न करता मेला. अंगावर शाल घालायचं काम प्रधानाचं होतं. निवृत्तीनं ते घाईघाईनं उरकलं आणि तोही खळ्याकडे पळाला.

मांडव शांत झाल्यानं साहेब जागे झाले. त्यांनी डोळे चोळले. "संपलं का? राजाचं काय झालं शेवटी?"

"मेला जी," पाटील पडल्या पडल्या म्हणाले.

"बरं झालं," असं म्हणून तहसीलदार घोड्यावर बसून निघून गेले.

पुढे कित्येक वर्षं, लग्नात, बारशात, बाजारात, पाटील ही हकिगत सांगत. साहेबांना म्हणे राजाचं मरण फार आवडलं. स्वतःच्या तोंडानं तसं म्हणाले. समोरचे लोक मान डोलावत. त्या दिवशी मांडवात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाटलांना खोटं पाडलं, तर ते सगळं नाटक पुन्हा करून दाखवायला उभे राहतील, ही भीती होती.