नाताळच्या झाडांचं कार्ड

चांदे गावात मेंढरांच्या वाड्यामागं राजाबाईनं नाताळची झाडं लावली तेव्हा भावकी पोट धरून हसली होती. नर्सरीत रोजानं जाता जाता तिनं ही विद्या उचलली होती. दोन वर्षं लेंडीखत घालून, शेळ्यांच्या तोंडापासून राखून तिनं दीडशे कुंड्यांतली झाडं कमरेएवढी केली. डिसेंबर लागला की हिंजवडीच्या टॉवरांतले लोक, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी चर्चची पायरी चढलं नव्हतं, ही झाडं घरात नेऊन त्यांना दिवे बांधायला लागले. मग हसणारे गप्प झाले.

त्याच टॉवरांत राहणारी अपूर्वा लातूरची, कंपनीत डिझाइनचं काम करणारी. गेल्या साली नेलेलं झाड जगलं म्हणून खूश होऊन म्हणाली, मावशी, तुमचं कार्ड मी करून देते. राजाबाईनं एकच गोष्ट मागितली.

"माझं नाव घाल."

मागणी साधी होती, पण बाईच्या जिवाला ती लागून राहिली होती. लेकीच्या लग्नपत्रिकेतही ती नवऱ्याच्या नावाआधीच्या 'सौ.' एवढ्या एका अक्षरात बसली होती.

अपूर्वानं पांढरंशुभ्र कार्ड केलं. मधे एक हिरवं झाड, खाली 'राजाबाई, चांदे' आणि फोन नंबर. राजाबाईनं ते मोबाइलवर दहादा पाहिलं. मग सुखासुखी तिला दुर्बुद्धी सुचली आणि तिनं ते घरात दाखवलं.

नवरा म्हसू म्हणाला, वर देवाचं नाव नको का? 'श्री म्हस्कोबा प्रसन्न' आलं. देव आला म्हटल्यावर वाडवडिलांचे आशीर्वाद आले. थोरले दीर हैबतराव यांना निवडणुकीचा वास आधीच लागलेला, त्यांचा हात जोडलेला फोटो आला. नंबरही त्यांचाच आला, कारण थोरले तेच. चुलत्यांतल्या गेणबाचं नाव घातलं तर भिकूचं घालणं भाग होतं. मागं एका पत्रिकेत नाव राहिलं म्हणून दोन घरं वर्षभर एकमेकांकडं जेवली नव्हती. तेव्हा चुलते, पुतणे, सगळे मानपानानुसार ओळीनं बसले. अक्षरं बारीक होत गेली. झाड आधी कोपऱ्यात गेलं, मग हैबतरावांच्या फेट्यामागं गेलं.

शेवटी एका पुतण्याला जागा कमी पडली. हैबतरावांनी राजाबाईच्या नावावर बोट ठेवलं.

"हे काढा. ही तर घरचीच हाय. घरच्या माणसाचं नाव कुणी घालतं व्हय?"

अपूर्वा फोनवर हळहळली. राजाबाईला असा संताप आला की कुंडी उचलून आपटावी. पण कुंडीत झाड होतं. पाचशे कार्डं छापून आली.

टॉवरच्या वॉचमननं कार्ड उलटसुलट करून विचारलं, शादी कब है? पण अपूर्वाचं झाड पाहिलेले तिच्या सोसायटीतले नरहरी जोशी टेम्पो घेऊन आले आणि त्यांनी एकदम चाळीस झाडं मागितली. कार्डावरची अख्खी मंडळी कडक इस्त्री करून स्वागताला उभी होती. राजाबाई मागं कुंड्या पुसत होती.

झाडं चढली. जोश्यांनी कार्ड हातात धरून विचारलं, याला पाणी किती घालायचं?

सगळी नावं एकमेकांकडं बघायला लागली. हैबतराव खाकरले.

"रोज बादलीभर."

राजाबाईचा हात थांबला. आठ दिवसांत मुळं कुजणार. कुजू देत, तिच्या मनात आलं. फोटो त्यांचा, नंबर त्यांचा, शिव्याही त्यांनाच बसतील. पण टेम्पोतून चाळीस शेंडे तिच्याकडं बघत होते. दोन वर्षं रोज हात फिरवलेले.

"बादली न्हाई," ती पुढं येत म्हणाली. "आठवड्याला दोन तांबे. माती वाळली तरच. अन् उन्हात ठिवू नका."

जोश्यांनी कार्ड उलटं केलं, कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "तुमचं नाव?"

"राजाबाई."

त्यांनी तेही लिहिलं, खाली तिचा नंबर घेतला. हैबतराव त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे म्हसू, मागची बाजू मोकळीच ऱ्हायली की. पुढच्या टायमाला मामाकडची समदी हितं बसत्यात."