हात न लावायचा दिवा

मी एक पितळी दिवा बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो, मी नाताळचा नव्हे. हल्ली जो उठतो तो मला बघून म्हणतो, "अच्छा, हनुक्का म्हणजे ज्यूंचा नाताळ ना?" आमच्याच पोरांना विचारावं तर हनुक्का म्हणजे तळलेले गोड गोळे आणि भेटवस्तू. माझा जीव नुसता चडफडतो. पण त्याहून मोठा गैरसमज आमच्याच माणसांचा होता, आणि तो माझ्यासमोर घडला. तेच सांगायला बसलोय.

दमास्कसच्या एका तांबटानं मला घडवलं. एका ओळीत आठ वाट्या, आणि वर, जरा बाजूला, नववी. ती शम्माशची, म्हणजे सेवकाची. हनुक्काच्या पहिल्या संध्याकाळी एक वात लागते, दुसऱ्या संध्याकाळी दोन, अशा आठव्या दिवशी आठ. त्या आठांच्या उजेडात काही म्हणजे काही करायचं नाही. शिवण नाही, वाचन नाही. लावल्यापासून अर्धा तास जागचं हलवायचंही नाही, नुसतं बघायचं. उजेड लागलाच तर तो सेवकाचा घ्यायचा.

जेरुसलेमच्या जुन्या वस्तीतल्या रेनाला मी लग्नात मिळालो. एक खोली, गल्लीकडे एक खिडकी. रेना मोठी बोलकी बाई. मला लिंबानं घासताना म्हणायची, "काय रे काळतोंड्या, वर्षभर झोपा काढतोस आणि आठ दिवस मिरवतोस!" मला ते फार आवडायचं.

आवारातल्या बायकांना धर्माचे नियम शिकवायला हाखाम येशुआ यायचे. हाखाम म्हणजे आमचे धर्मगुरू. "बायांनो, त्या उजेडातला चिमूटभरसुद्धा चोरायचा नाही. तो देवाचा," असं ते बजावायचे. रेना पट्कन म्हणाली, "आणि त्यात तुमच्या नाकावरचा मस दिसला तर हो, हाखाम?" बायका खो खो हसल्या. हाखामही हसले, पण नियम तेवढा पक्का बसला.

मग पहिलं महायुद्ध आलं. तेव्हा शहर तुर्कांच्या राज्यात होतं. रेनाच्या नवऱ्याला तुर्कांनी रस्ते खणायला नेलं, तो परतलाच नाही. उरली ती आणि सहा वर्षांची एस्त्रेया. तिसऱ्या हिवाळ्यात गावात रॉकेल नव्हतं, मेणबत्ती नव्हती, भाकरीचेही हाल होते. ऐन हनुक्कात पोरीला टायफसचा ताप चढला.

पाचव्या संध्याकाळी रेनानं तेलाची बाटली उलटी करून निथळवली. पाच वातींना जेमतेम अर्धा तास पुरेल इतकं तेल निघालं. सेवकाला थेंबही उरला नाही. शेवटच्या काडीनं तिनं मला लावलं आणि खिडकीत ठेवलं. खाट पार कोपऱ्यात, अंधारात होती.

"आई, तू कुठंयस?"

"ही काय, इथंच तर आहे. तुझा हात धरलाय ना."

"तुझं तोंड दिसत नाही. दिवा आण ना इकडं."

रेना उठली, माझ्यापर्यंत आली. तिचा हात पुढं झाला आणि थबकला. उचल गं बाई, मला उचल, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण ती मागं वळली.

"तो हलवायचा नसतो गं राणी. अजून थोडंच. वेळ झाली की लगेच आणते हं."

"तू आई नाहीयेस," पोर म्हणाली. "आई असती तर तोंड दाखवलं असतं."

तापात माणूस काहीबाही बोलतो. रेना माझ्याकडे बघत एकेक क्षण मोजत राहिली. तेल मात्र नियमाला पुरेल तितकंच होतं. वेळ भरली, तिनं झडप घालून मला उचललं, आणि तेवढ्यात शेवटची वात विझली. अंधारात ती पोरीचा हात आपल्या तोंडावरून फिरवू लागली, "हे बघ माझं नाक, हे बघ कपाळ." एस्त्रेयानं घाबरून हात ओढून घेतला. उजाडेपर्यंत ती गेली.

सुतकात हाखाम आले. रेना जमिनीवर बसली होती. "हाखाम, मी नियम मोडला नाही. देवाचा उजेड चोरला नाही. मग त्यानं माझी पोर अशी का नेली?" तिनं सगळं सांगितलं. 'चांगलं केलंस' एवढं हाखाम म्हणाले असते तरी सुटले असते. पण त्यांना खोटं बोलवेना.

"आजाऱ्यासाठी तर शब्बाथसुद्धा मोडतात गं," ते म्हणाले. "हा सण मुळात कशाचा? ग्रीक राजानं आपला धर्म बंद केला, तेव्हा आपले लोक गुहांत लपले. शब्बाथच्या दिवशी सैनिक चालून आले. विश्रांतीचा दिवस म्हणून यांनी हात उचलला नाही, गुहेच्या तोंडाला धोंडाही लावला नाही. बायकापोरांसकट मेले. तेव्हा म्हातारा मत्ताथियाह म्हणाला, अशानं आपल्यातलं कोणी उरायचं नाही, यापुढं शब्बाथलाही लढायचं. म्हणून तर त्याची मुलं जिंकली, मंदिर परत मिळालं. तिथल्या दिव्यातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं ते त्यानंतर. तेलाची गोष्ट मी तुम्हाला दरवर्षी सांगितली. गुहेची एकदाही सांगितली नाही. चूक माझी आहे, रेना."

"मग आत्ता सांगताय होय?" रेना म्हणाली. आवाजही चढवला नाही तिनं. मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून मी हाखामांच्या घरी. पण वात पेटली की कोपऱ्यातून हाक येते, "तोंड दिसत नाही तुझं." मला येते, तशी हाखामांनाही येत असावी. प्रार्थना म्हणताना ते मध्येच थांबून मागं बघत.

पुढच्या हनुक्कात शहराचं राज्य बदललं. तुर्क गेले, इंग्रज आले. पाचव्या संध्याकाळी हाखामांनी मला दारात लावलं. एक गोरा शिपाई "मेरी ख्रिसमस!" म्हणत खुशीत पुढे गेला. तो सरला तशी त्याच्यामागे गल्लीत उभी असलेली रेना दिसली. वर्षभरात ती ओळखू येईनाशी झाली होती.

हाखामांनी जळत असतानाच मला उचललं. "अहो, अहो, वेळ झाली नाही अजून!" शेजारी ओरडले. तेल सांडून त्यांचा हात भाजत होता, तरी ते मला घेऊन थेट तिच्यापाशी गेले आणि माझा उजेड तिच्या तोंडावर धरला.

"ठेवा हो तो खाली," रेना म्हणाली. "माझं तोंड बघणारी गेली."

आता हाखाम नाहीत, रेना नाही. मी हाखामांच्या पणतवंडांच्या घरी काचेच्या कपाटात असतो. दर हनुक्काला मला बाहेर काढतात, लावतात आणि लेकरांना दटावतात, "हात लावायचा नाही हं!" नियम खोटा नाही. पण बाबांनो, कोपऱ्यातून कुणी हाक मारली तर घड्याळ बघत बसू नका. मला उचला. मी विझलो तरी चालेल.