परीक्षेला न येणारा भाग

सभेत तोंड उघडायचं नाही, असं सुधीर सरांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. डोंबिवलीच्या कॉलेजात जन्मभर पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवून त्यांचा घसा आणि उत्साह दोन्ही बसले होते. पण तळमजल्यावरच्या शेवंतीबाई शेजारच्या खुर्चीवर येऊन कुजबुजल्या, "सर, माझ्यासाठी बोला ना. बिल्डिंग पाडून नवी होईस्तोवर टिटवाळ्याला राहा म्हणतात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला मी वर नेऊ कशी?"

सरांनी नुसती मान हलवली. पार्किंगमध्ये पंखा नव्हता आणि कपातला चहा कधीच निवला होता.

सेक्रेटरी सर्वेश उठला. सरांचाच विद्यार्थी; कॉलेज दोन गल्ल्यांवर, त्यामुळे बहुतेक सोसायटी तशीच. "रीडेव्हलपमेंटला कोणाचा विरोध? नाही ना? मग गप्प बसले त्यांची संमती. सरांनीच शिकवलंय आपल्याला! जो राज्यात राहतो, तिथले रस्ते वापरतो, त्याने न बोलता संमती दिलेलीच असते. हमखास यायचा हा प्रश्न!"

लोक हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवंतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांच्याकडेच बघत होत्या.

सर खुर्चीला धरून उठले. "सर्वेश, हे अर्धंच झालं. ज्याच्या हाती सत्ता दिली, तो आपल्या जिवाची, घराची काळजी घेत नसेल तर दिलेली संमती काढून घेता येते. शेवंतीबाईंना आधी तळमजल्याचं घर शोधून द्या. तोवर त्यांचा विरोध, आणि माझाही."

सर्वेश गोंधळला. त्याच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. "पण सर, हे आपल्याला नव्हतं."

"हो सर, नव्हतं," मागून रुचिता म्हणाली. ती सर्वेशच्याच वर्षी कॉलेजात पहिली आली होती.

"होतं गं," सर म्हणाले. "परीक्षेला येत नव्हतं, म्हणून मीच सोडून द्यायचो."

कुणी काही बोललं नाही. सर्वेशने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे, दोन विरोध. बाकी गप्प, म्हणजे संमती. ठराव मंजूर."

शेवंतीबाई उठल्या, नवऱ्याला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. "बोललात, बरं वाटलं सर," एवढंच म्हणून त्या गेल्या.

सरांनी त्या गप्प चेहऱ्यांवरून नजर फिरवली. बहुतेक सगळे त्यांच्याच वर्गातले होते.