तपकिरी कुत्रा

माझ्या नवऱ्याने खुनाची कबुली दिली, तेव्हा मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसले होते. सांगायला माझा भाऊ आला. समोर रांग होती, म्हणून मी त्याला बाकावर बसवलं आणि आधी रांग संपवली. त्यावरून लोक पुढे बरंच काही बोलले. बोलोत. मला रडू आलं नाही. कुणीतरी भूल दिल्यासारखं झालं होतं आणि ती उतरायचं नाव घेत नव्हती.

"कर नाही त्याला डर कशाला?" भाऊ म्हणाला. "केलं नसतं, तर भाऊजी हो कशाला म्हणाले असते?"

आता ह्याला काय सांगायचं! लॉन्ड्रीत माझ्या नवऱ्याचं नावच होयबा पडलं होतं. ते इस्त्रीच्या टेबलापाशी उभे असायचे आणि कुणी काहीही म्हटलं की मान डोलवायचे. गिऱ्हाईक म्हणालं, हा शर्ट तुम्हीच जाळलात, की हे हो म्हणून न जाळलेला शर्ट भरून द्यायला तयार. घरी मी म्हणायचे, दुधाखालचा गॅस तुम्हीच चालू ठेवलात. हो म्हणायचे. भांडायलाही दोन माणसं लागतात; आमच्या घरात मी एकटीच भांडायचे.

लॉन्ड्रीचे मालक दुकानाच्या मागच्या खोलीत मरून पडलेले सापडले होते, डोक्यात घाव होता. दुकानातून शेवटी निघाला तो माझा नवरा. पोलिसांनी त्यांना नेलं, प्रश्नांवर प्रश्न विचारले, झोपू दिलं नाही, आणि शेवटी ते जे आयुष्यभर म्हणत आले तेच म्हणाले.

मग एक बाई आल्या. त्याही पोलीसच, पण दुसऱ्या कचेरीतल्या. दिलेला कबुलीजबाब खरा की खोटा हे तपासणं त्यांचं काम. त्यांना सर्दी झाली होती आणि बोलता बोलता त्या सारखं नाक पुसत होत्या. त्यांनी मला पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं.

"ताई, तुमच्या नवऱ्यानं आधी सांगितलं की इस्त्री डोक्यात घातली. तेव्हा आमच्या लोकांनाही इस्त्रीच वाटत होती. मग डॉक्टरांनी कळवलं की इस्त्री नाही, गोल काहीतरी, पाइपसारखं. लगेच तुमचा नवरा म्हणाला, पाइप."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला जेवढं माहीत, तेवढंच त्यांना माहीत. आमच्या चुकीसकट. ज्यानं मारलं त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं की नको?"

बाईंनी पुन्हा नाक पुसलं आणि रुमालाची घडी केली.

"ते माझ्याशी धड बोलत नाहीत, नुसती मान हलवतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही खोलीत असलात तर बोलतील. पण मी काहीही विचारलं तरी तुम्ही चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. जमेल?"

"त्याची काळजी नको," मी म्हटलं. त्या दिवसांत माझ्या चेहऱ्याकडे तेवढं एकच काम होतं.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि आवाज टिपणारं यंत्र होतं. माझ्या नवऱ्याच्या अंगात चुरगळलेला शर्ट मी पहिल्यांदाच पाहिला. मला बघून ते अर्धवट उठले.

"जेवलीस?"

मी मान हलवली. बाईंनी यंत्र सुरू केलं आणि इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर सहज म्हणाल्या, "तुम्ही मागच्या खोलीत गेलात, तेव्हा मालकांचा कुत्रा तिथेच होता ना?"

मालकांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता. कपड्यांना केस लागतात म्हणून ते गिऱ्हाइकांची कुत्रीसुद्धा बाहेर उभी करायचे.

नवऱ्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मी भिंतीकडे बघत राहिले.

"हो. होता."

"मग तुम्ही त्याला बांधलंत?"

"हो, बांधला."

"कशाला बांधलात?"

ते जरा घुटमळले. "खिडकीच्या गजाला."

"रंग कसला होता त्याचा?"

"तपकिरी."

"भुंकला असेल."

"थोडासा. मी डोक्यावरून हात फिरवला, मग गप्प बसला. चांगला होता बिचारा."

लग्नानंतर एकदा ते म्हणाले होते, आपण एखादा कुत्रा पाळू या का? मी म्हटलं, मुळीच नको, आणि ते हो म्हणाले. एवढ्या वर्षांनी त्यांना कुत्रा मिळाला होता, तोही ह्या खोलीत. मला हसू यायला हवं होतं, किंवा रडू. दोन्ही आलं नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा हो म्हणालात, तेव्हा मनात काय होतं?"

"साहेब जेवले नव्हते," माझा नवरा म्हणाला. "माझ्यापायी सगळे खोळंबले होते. मी हो म्हटल्यावर त्यांनी पाठीवरून हात फिरवला. पाणी दिलं."

बाहेर आल्यावर बाईंनी नाक पुसलं. "कबुली बाद होईल. दुसरा काही पुरावा नाही, तेव्हा सोडतील त्यांना."

"म्हणजे त्यांनी मारलं नाही."

"तसं मी म्हणत नाही, ताई. त्यांचा हो बिनकामाचा आहे, एवढंच मला सिद्ध करता आलं."

"मग मला खरं कसं कळायचं?"

"प्रश्नातच उत्तर घालायचं नाही. चेहरा कोरा ठेवायचा. आणि विचारून झालं की गप्प बसायचं. ते शेवटचं कुणालाच जमत नाही."

ते घरी आले. "मला तर खात्रीच होती," असं भाऊ म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. खरा खुनी काही सापडला नाही. लॉन्ड्री बंद पडली आणि नवरा घरीच गिऱ्हाइकांचे कपडे इस्त्री करायला लागला. मी लेकीच्या खोलीत झोपायचे. मला पुन्हा त्यांच्याशेजारी झोपायचं होतं, अगदी मनापासून, पण त्याआधी एक शब्द हवा होता, त्यांचा स्वतःचा.

पहिल्यांदा मी चुकलेच. "तुम्ही नाही ना मारलंत?" असं विचारून बसले. "नाही," ते चटकन म्हणाले. मी रंग विचारला असता तर तोही सांगितला असता.

मग एका दुपारी लेक शाळेत होती आणि ते उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. मी समोर जाऊन बसले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे चेहरा कोरा ठेवला.

"त्या दिवशी मागच्या खोलीत काय झालं?"

आणि गप्प बसले.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. अभ्र्याची घडी घातली, ती मोडून परत घातली. मग ते माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले, डोळ्यांकडे, ओठांकडे, कपाळाकडे. चष्मा हरवलेला माणूस घरभर शोधतो तसे शोधत होते. मी हलले नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तुला काय झालेलं हवंय?" त्यांनी हळूच विचारलं. "तू सांग ना. मी तसंच म्हणतो."

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. माझं ओझं हलकं करायला निघाले होते ते.

"चहा टाकू का?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.