धोंडा बरा होता

केसरबाईंनी नळ बंद केला, म्हणजे ओसरीतलं बोलणं नीट ऐकू येईल. आता त्यातलं त्यांना काडीचंही कळणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. सून वायलिंग व्हिडिओ कॉलवर हाँगकाँगच्या आपल्या आईशी कॅन्टोनीजमध्ये बोलत होती. पण ते वाक्य आज पुन्हा आलंच, ‘छासिउ’ असं काहीतरी असलेलं, आणि सुनेनं मान खाली घातली.

रोज तेच वाक्य, रोज तीच खाली गेलेली मान. केसरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. नात चंचलला वर्षभर इथं पांढुर्ण्यात ठेवायचं मुलानं, केतननं, कबूल केलं होतं. सोमवारी नवराबायको दोघंच हाँगकाँगला परत जाणार होते. ती म्हातारी नक्की लेकीचे कान भरत असणार, की पोर सासूकडे ठेवू नको! पण केसरबाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. चंचलचे जोडे त्यांनी कालच मागच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात खुपसले होते. जोड्यांवाचून विमान अडत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण जिवाला तेवढाच आधार.

शेवटी त्यांनी केतनला अंगणात गाठलं.

“तुई सासू रोज माह्यावर काय बोलून राहिली रे?”

“तुह्यावर नाही वं माय. लेकीले बोलते. तुले जन्म देण्यापेक्षा छासिउ जन्माले घातलं असतं तं बरं झालं असतं, म्हणते. म्हणजे डुकराचं भाजलेलं मटण. थे खायाच्या तरी कामी येते.”

“शी! पोटच्या पोरीले?”

केतन हसला.

“अन् मी हाँगकाँगले निघालो तवा तू काय म्हणाली होती?”

तुह्यापेक्षा धोंडा झाला असता तं पोळ्याच्या गोटमारीत फेकाच्या तरी कामी आला असता, असं केसरबाई बसस्टँडवर चारचौघांत ओरडल्या होत्या. आणि घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडल्या होत्या.

“पण तिले कायले बोलते?”

“चंचलले इथं ठेवून राहिलो ना आपण. जल्मापासून पोरीले तिनंच वाढवलं.”

केसरबाई मागच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं ओसरीत आल्या. फोन अजून चालूच होता. पडद्यावरची म्हातारी चष्मा काढून डोळे पुसत होती.

केसरबाईंनी चंचलच्या जोड्यांना चिकटलेला कापूस वेचून काढला आणि ते सुनेच्या उघड्या बॅगेत ठेवले.