यकृतावरची तांब्याची बाटली

विषय : ओबरब्रुन येथील क्वेलहोफ उपवासगृहात पाहुण्यांचे यकृत शेकण्याच्या कामी असलेल्या तांब्याच्या बाटलीचे निवेदन.

संदर्भ : श्रीमती वाल्बुर्गा हाफनर, राहणार आउग्सबुर्ग, यांचा ईस्टरपूर्व उपवासकाळातील मुक्काम.

उपरोक्त विषयास अनुसरून, मी ती बाटली बोलतेय.

बाटली या शब्दावरून कोणी भलता ग्रह करून घेऊ नये. माझ्यात आयुष्यभर कढत पाण्याशिवाय काही भरले गेलेले नाही. अपवाद एकदाच झाला. म्युनिकच्या एका वकिलाने माझ्यात मटणाचा रस्सा लपवून खोलीत नेला होता. तो वास जाईपर्यंत माझ्याखाली झोपलेल्या प्रत्येक पाहुण्याला भूक लागत असे आणि कारण कोणालाच कळत नसे.

माझा जन्म केम्प्टनच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून चपटे केले, पितळेचे फिरकीचे झाकण बसवले आणि एका अंगाने खोलगट ठेवले, म्हणजे पोटावरून मी घसरू नये. हा खोलगटपणा त्याने स्वतःच्या पोटावर बेतला होता आणि त्याला बिअरची आवड होती. त्यामुळे बारीक माणसांवर मी डुगडुगते. उपवासगृहात ही मोठी अडचण आहे. पाहुणा येतो तेव्हा माझ्या मापाचा असतो, जातो तेव्हा नसतो.

क्वेलहोफ हे घर थोरल्या डेगेनबाईंनी सुरू केले. युद्धात तांबे गोळा करणारी माणसे आली, तेव्हा त्यांनी मला पिठाच्या पिंपात दडवले. उपवासगृहातल्या पिठाच्या पिंपात कोण डोकावणार? पुढे घर त्यांच्या मुलाकडे आले. आर्नुल्फ डेगेन हा निसर्गोपचारक उंच, सडपातळ आणि मनापासून प्रामाणिक माणूस. उपवासकाळात पाहुण्यांबरोबर तो स्वतः उपाशी राहतो, त्याच्याबरोबर स्वयंपाकीणही आणि माळीही. त्याच्यात लबाडी मला कधी दिसली नाही. असती तर कदाचित बरे झाले असते. लबाड माणूस वेळेवर घाबरतो.

इथला दिवस असा असतो. सकाळी गुडघ्यांवर गार पाण्याची धार, मग औषधी पाल्याचा चहा, मग बर्फातून चालणे. दुपारी भाज्यांचे गाळलेले पाणी. ते चमच्याने, चावल्यासारखे करत प्यायचे असते. त्यानंतर पाहुण्याने उताणे झोपायचे, उजव्या बरगडीखाली ओला गरम कपडा घ्यायचा, कपड्यावर मी, माझ्यावर लोकरीचा पट्टा. सारे घर गप्प होते. त्या शांततेत मी पुष्कळांचे भले होताना पाहिले आहे. झोप हरवलेली माणसे माझ्याखाली लहान मुलासारखी घोरली आहेत. हे लिहून ठेवणे न्यायाचे आहे.

उपाशी माणसांच्या सवयी मात्र गमतीच्या. ती फिरायला जातात आणि डंपलिंगविषयी बोलतात. ज्यांनी घरी कधी चूल पेटवली नाही, ते पुरुष इथे पाककृतींची पुस्तके वाचतात. आणि इथे एक शब्द आहे, जो बाहेरच्या जगात वाईट समजतात: संकट. उपवासात एखाद्याला डोकेदुखी, मळमळ, कणकण सुरू झाली, की शरीरातले विष बाहेर पडू लागले असे समजतात. त्याला संकट आले म्हणतात आणि त्याचे अभिनंदन करतात. खोलीच्या दारावर टकटक होते, कोणीतरी हिरवी डहाळी आणून ठेवते. ज्याला संकट येत नाही, तो ओशाळल्यासारखा वावरतो.

या घरात वाल्बुर्गा हाफनर आल्या. त्यांच्या पित्ताशयात खडे होते. आउग्सबुर्गच्या शल्यचिकित्सकाने पित्ताशय काढायला सांगितले होते. पण त्यांची धाकटी बहीण आफ्रा अशाच एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी चालत आत गेली होती आणि परत आली नव्हती. त्यांनी ईस्टरपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर उपवासाने खडे पडले तर ठीक, नाही तर त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपतील, असे त्यांनी नवऱ्याला वचन दिले. नवऱ्याने उलट वचन दिले की तू एकटी उपाशी राहायची नाहीस, मीही राहीन.

हा नवरा कोर्बिनियान. आयुष्यभर आउग्सबुर्गला ट्राम चालवलेला, रुंद, गुलाबी गालांचा माणूस. दुपारी मी बाईंच्या पोटावर असताना तो शेजारी खुर्चीवर बसून राही. मी कधी थोडी सरकले तर एका बोटाने मला जागेवर आणी.

क्वेलहोफमध्ये कोर्बिनियान लवकरच कौतुकाचा विषय झाला. बाकीचे पाहुणे जिन्यावर धापा टाकत, हा रोज सकाळी खालच्या गावापर्यंत चालत जाऊन येई आणि येताना शीळ घाली. त्याचे वजन घटत नव्हते. डेगेन पाहुण्यांना सांगत की हाफनरांचे शरीर मुळातच स्वच्छ आहे, टाकण्यासारखे त्यात काही नाही. कोर्बिनियान हे मान खाली घालून ऐके. लोकांना तो विनय वाटे.

मग तेलाचा दिवस आला. संध्याकाळी बाईंना ऑलिव्हचे तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून भरपूर पाजला. सकाळी हिरवट, गुळगुळीत खडे पडले. वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे. घरभर बातमी गेली. बाईंनी ते मुरंब्याच्या बरणीत घालून खिडकीत ठेवले. शल्यचिकित्सकाला दाखवायचे होते. त्या दुपारी माझ्याखाली त्यांचे पोट इतके सैल आणि निवांत होते, की मीही निश्चिंत झाले.

"बघ, कोर्बी," त्या म्हणाल्या, "सुरी न लावता."

"बघितलं," तो म्हणाला. "आता घरी जाऊ या?"

"उपवास अर्ध्यावर सोडतात का? डेगेन म्हणतात, शेवटपर्यंत न्यायचा."

त्याच संध्याकाळी त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. रात्र त्यांनी कण्हत काढली आणि सकाळी हुडहुडी भरली. दारावर टकटक झाली. शेजारच्या खोलीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका श्टीगेलेबाई हिरवी डहाळी घेऊन उभ्या होत्या.

"अभिनंदन, हाफनरबाई. नशीबवान आहात. मला अजून साधी डोकेदुखीसुद्धा नाही."

वाल्बुर्गांनी आभार मानले. माणूस तापातही शिष्टाचार सोडत नाही.

दुपारी सिस्टर क्रेसेन्झने मला भरून आणले. क्रेसेन्झ ही इथली जुनी परिचारिका, बोलकी, घाईची, डेगेनांच्या शब्दाबाहेर न जाणारी. तिने मला नेहमीच्या जागी ठेवले. मी हजारो पोटांवर झोपले आहे. मऊ, ताठरलेली, गुरगुरणारी, लाजरी, सगळी. असे पोट मला ठाऊक नव्हते. ते फळीसारखे होते. माझे वजन पडताच बाई ओरडल्या आणि मला दोन्ही हातांनी ढकलून दिले. मी जमिनीवर आपटले. माझ्या काठाला पोचा आहे, तो तेव्हाचा.

कोर्बिनियान उठला. त्याने डेगेनना बोलावून आणले आणि बायकोला इस्पितळात नेतो असे सांगितले. डेगेननी बाईंची नाडी पाहिली, जीभ पाहिली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"शरीर घर झाडतंय, हाफनरसाहेब. झाडताना धूळ उडणारच."

"धुळीनं शिंक येते. पोटाचा दगड होत नाही."

"सर्वांत मोठी संकटं अशीच दिसतात. उद्यापर्यंत थांबा."

बाईंनीही डोळे मिटून मान हलवली. त्यांना आफ्रा दिसत असावी. मग कोर्बिनियान त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बुर्गी, तू म्हणालीस तर थांबतो. पण तू मला ढकललं नाहीस, बाटलीला ढकललंस. तुला ऊब नकोशी झालेली मी कधी पाहिली नाही." थोड्या वेळाने बाईंनी त्याची बाही धरली आणि सोडली नाही.

रुग्णवाहिकेला फोन केला. ती स्कीच्या उतारावर कोणाचा तरी पाय मोडला म्हणून गेली होती, परत यायला वेळ लागणार होता. हाफनरांची गाडी अंगणातच होती, पण क्वेलहोफचा नियम असा की गाड्यांच्या किल्ल्या कचेरीच्या कपाटात ठेवायच्या. उपाशी माणसाला घाटात भोवळ येते. नियम चांगला होता, आणि डेगेननी तो पाळला.

"किल्ली देऊ शकत नाही," ते म्हणाले. "तुम्ही उपाशी आहात. दोघंही दरीत जाल. माझ्याकडे चालवण्यासारखा एकही माणूस नाही, सगळं घर उपाशी आहे."

"मी नाही."

"काय नाही?"

"उपाशी नाही." कोर्बिनियानने सरळ पुढे पाहत, थांब्याचे नाव सांगावे तसे सांगितले. "आल्यापासून रोज सकाळी खालच्या गावात खाटकाकडं जातो. गरम लेबरकेसची, भाजलेल्या मांसाची, जाड वडी घातलेला पाव खातो. कधी दोन. किल्ली द्या."

दाराशी उभ्या श्टीगेलेबाईंच्या चेहऱ्यावर, मी खोटे सांगत नाही, क्षणभर निव्वळ हेवा होता. डेगेन पांढरे पडले. घरातला सर्वांत स्वच्छ माणूस त्यांच्यासमोर उभा होता. त्यांनी किल्ली आणून दिली.

क्रेसेन्झने बाईंना घोंगडीत गुंडाळले आणि पाय गार पडलेत म्हणून मला पायांशी खोचले. अशी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. घाटात दोन्ही बाजूंना बर्फ होते. कोर्बिनियान ट्रामसारखी गाडी चालवत होता, धक्का न देता.

"मोहरीची चटणी लावून?" बाईंनी विचारले.

"काय?"

"पाव."

"हो. गोड मोहरीची."

"मला वाटलं, तुझं शरीर स्वच्छ आहे."

"मी सांगणार होतो, बुर्गी. तू इतकी खूश होतीस."

बाईंनी श्वास घेतला, तो अर्धाच आत गेला. "एक मला आणायचा होतास," त्या म्हणाल्या. "मी हळूच खाल्ला असता."

इस्पितळात त्यांना लगेच आत नेले. पित्ताशय सडून फुटले होते आणि पू पोटभर पसरला होता. शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सक बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलची वाटी होती, वाटीत खरे खडे, तपकिरी आणि टणक. कोर्बिनियानने मुरंब्याची बरणी सोबत आणली होती. बायकोने शल्यचिकित्सकाला दाखवायची म्हणून ठेवली होती ना. डॉक्टरने त्यातला एक हिरवा खडा चमच्याने दाबला. तो चेपला.

"तेल आणि लिंबू," डॉक्टर म्हणाला. "पोटात गेल्यावर त्याचा साबण होतो. त्यांच्या खड्यांपैकी एकही पडला नव्हता." तो हे टोचून बोलला नाही. थकला होता.

वाल्बुर्गा हाफनर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेल्या. ताप उतरलाच नाही. शेवटच्या दिवसांत एकदा त्यांनी डोळे उघडले तेव्हा कोर्बिनियान कागदात गुंडाळलेला पाव घेऊन बसला होता. त्यांना खाणे शक्य नव्हते. त्यांनी वास घेतला आणि चांगला आहे म्हणाल्या.

मी इस्पितळाच्या कपाटात, रुग्णाच्या सामानात राहिले होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोर्बिनियान मला परत द्यायला क्वेलहोफला आला. मला त्याने घासून लख्ख केले होते, पोचा मात्र तसाच ठेवला होता. डेगेन कुठे बाहेरगावी गेले होते. क्रेसेन्झने त्याला स्वयंपाकघरात बसवले आणि काय द्यावे ते न सुचून पाल्याचा चहा दिला. त्याने तो प्यायला.

त्याने सांगितले की त्याने जिल्हा आरोग्य कचेरीत अर्ज केला आहे. नुकसानभरपाई मागितलेली नाही. एवढीच मागणी आहे की उपवासगृहात कोणाला ताप किंवा पोटदुखी सुरू झाली, तर अभिनंदन करण्याआधी डॉक्टरला दाखवणे बंधनकारक असावे.

"घर बंद करा म्हणून का नाही लिहिलंत?" क्रेसेन्झने विचारले.

"बुर्गीला इथं बरं वाटायचं. पहिले काही दिवस." त्याने कप बशीत ठेवला. "आणि ती बाटली आवडायची तिला. तुम्ही वापरत राहा."

वापरतात. आजही दुपारी मी कोणाच्या तरी बरगडीखाली असते. काठाला पोचा पडल्यापासून मी जाड माणसांवरही थोडी डुगडुगते. मला ऊब देता येते, आणि उबेची गरज असलेली माणसे थोडी नाहीत. पण मी नुसता शेक आहे. माझ्याखाली पोट कडक झाले, माणूस मला ढकलू लागला, तर मला बाजूला काढावे आणि पोट चाचपू शकणाऱ्याला बोलवावे, एवढीच विनंती आहे. मला ते कळते, पण सांगता येत नाही. मी तांब्याची आहे.

क्रेसेन्झ हल्ली ताप आला की आधी फोनकडे जाते, डेगेन काही म्हणोत. ती तिची स्वतःची सवय आहे, घराचा नियम नाही.

नियमाबाबतची स्थिती अशी. जिल्हा आरोग्य कचेरीने कोर्बिनियान हाफनर यांचा अर्ज मिळाल्याची पोच दिली आहे. उपवासातील संकट ही बाब आहार विभागाकडे येते की वैद्यकीय विभागाकडे, याविषयी दोन्ही विभागांचे अभिप्राय मागवले आहेत. हाफनर यांनी मधल्या काळात दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा त्यांना वाट पाहण्यास कळवण्यात आले. अभिप्राय आलेले नाहीत. अर्ज विचाराधीन आहे.